सहावा माणूस

बाबा,

लोणी शोधू नका, ते मी घेऊन चाललोय. सॉनाच्या लाकडांमागेही बघू नका, तिथलं कालच काढलं.

चुलीवर ओटची पेज आहे. मीठ घालायला विसरलो नाही, घातलंच नाही. तोंड वाकडं करा, पण संपवा.

सकाळी तुम्ही तौनोदादाच्या जागेवर पुन्हा काळा पाव मांडलात. दातांचा ठसा उमटेल इतकं लोणी लावून, त्याला आवडायचं तसं. मी तो पाखरांना घातला. आठवडाभर रोज हेच चाललंय. आता ती पाखरं कुंपणावर बसून धापा टाकतात.

दादाच्या कबरीपाशी तुम्ही म्हणालात, "आपल्या घराण्याचं काळीजच कच्चं." आजोबा गेले तेव्हाही हेच म्हणाला होतात. काळीज घराण्याचं असेल, बाबा, पण त्यावर लोणी आपणच थापतो.

शाळेत नर्सबाई रक्तदाब तपासायला आल्यात. आपली दोघांची नावं मी दिली आहेत. मी पुढे जाऊन रांग धरतो. तुम्ही तळ्यावरून चालत या, बर्फ पक्कं आहे. ट्रॅक्टरची किल्ली माझ्या खिशात आहे.

रागावा हवं तर, पण या. शवपेटी उचलायला सहा जण लागतात. शनिवारी दादाला उचलताना घरचे पाचच पुरुष निघाले आणि सहावा म्हणून पोस्टमनला बोलवावं लागलं. त्याची कंबर अजून धरलेली आहे. तुम्ही गेलात तर आम्ही चारच उरू, आणि गावात पोस्टमन एकच आहे.

एस्को