सिनेमातली बाई आणि तू

संगमनेर
रविवार

प्रिय आई,

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन केला की तू 'जेवलास का' विचारतेस, 'जिवाला जप' म्हणतेस आणि माझं काही निघायच्या आत फोन ठेवतेस. दोन वर्षं आपलं एवढंच बोलणं चाललं आहे. पत्र निदान तुझ्या हातात राहील. अक्षरं मोठी काढली आहेत, म्हणजे चष्मा सापडला नाही तरी वाचता येईल.

माझं लग्न ठरलं, हे राजूरहून दगडाबाई मावशीनं तुला कळवलं असेलच. मुलगी निकिता, इथल्याच डेअरीत दूध तपासायचं काम करते. तिला वडील नाहीत. तिची आई, सुमनबाई, घरी ब्लाउज शिवतात. लग्नाला तू यावंस असं मला फार वाटतं. एवढंच लिहून पाकीट बंद केलं असतं, पण मी जे केलं ते तुला कळल्याशिवाय तुला बोलवायचा मला हक्क नाही.

परवा प्रेसमध्ये कामावर पत्रिकांची प्रुफं तपासत होतो आणि एकदम राजूरचा बाजार आठवला. मी मावशीकडे राहायचो तेव्हा बाजाराच्या दिवशी तू पुण्याहून दुपारच्या एसटीनं यायचीस. सुकट घेताना बाईशी अशी भांडायचीस, की मावशी लांब जाऊन उभी राहायची. नंतर त्याच बाईच्या शेजारी बसून तिच्याच डब्यातली भाकरी खायचीस. कोंबडी अंगावर आली की तू ओट्यावर चढायचीस. पत्त्यांत उघड उघड लबाडी करायचीस आणि पकडली गेलीस की पत्ते उधळून हसायचीस. त्या दिवसांत मला फक्त एवढंच कळायचं, की आई आली आहे.

मग नववीत वर्गातल्या एकानं सगळ्यांसमोर सांगितलं, 'याची आई पुण्यात धंदा करते.' त्यानंतर मी पाटी-दप्तर का टाकलं ते तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी तुझ्याकडे बघायचं सोडून सिनेमाकडे बघायला लागलो. मला दुसरीकडून काही कळायची सोय नव्हती. सिनेमातली ती बाई मध्यंतराच्या आधी नाचायची, नंतर खोकायची आणि शेवटी हिरोसाठी गोळी खाऊन मरायची. ती मेली की हिरोचं लग्न सुखानं व्हायचं. विनोदी सिनेमा असला तर पान खाऊन डोळा मारायची, तेवढंच काम. मी ते सगळं तुला लावून बघायचो. तू हसलीस की वाटायचं, वरवर हसते आहे. गप्प बसलीस की वाटायचं, आता आपली दुःखाची कहाणी सांगेल. एकदा तू दिवसभर बोलली नाहीस आणि मी घाबरून ओढ्यावर जाऊन बसलो. संध्याकाळी कळलं, तुझी दाढ दुखत होती.

दोन वर्षांपूर्वी तू डबा घेऊन माझ्या इथल्या खोलीवर आलीस. घरमालकीण बाईंनी विचारलं, 'कोन हो ह्या?' मी म्हणालो, 'गावाकडच्या ओळखीच्या.' तू डबा खिडकीत ठेवलास, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, 'येते हं दादा, तुमचं काम चालू द्या.' मला दादा म्हणालीस. तुम्ही म्हणालीस. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाहीस. मी खिडकीतून तू वळेपर्यंत बघत होतो, हाक मारली नाही. डब्यात शेंगोळे होते. अजून कुणाच्या घरून तो वास आला की मी रस्ता बदलतो.

त्याहून वाईट पुढेच आहे. स्थळ बघायला गेलो तेव्हा सुमनबाईंनी आईचं विचारलं. मी म्हणालो, 'वारली.' आधी ठरवलेलं नव्हतं, आई. सिनेमात शेवटी जे होतं तेच माझ्या तोंडून निघालं.

मागच्या महिन्यात निकितानं दुपारच्या खेळाला नेलं. कुठला सिनेमा ते ठाऊक असतं तर मी गेलोच नसतो. त्यात तसलीच एक बाई होती. ती पडद्यावर आली तेव्हा पुढच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग ती गॅसवाल्याशी सिलिंडर गळतो म्हणून भांडली, आंघोळीनंतर केस पुसत रेडिओबरोबर बेसूर गायली, मैत्रिणीच्या मुलीच्या शाळेत जाऊन बाईंना उलट बोलली. शिट्ट्या कधी थांबल्या ते कळलं नाही. लोक तिच्या बोलण्याला हसत होते, तिला हसत नव्हते. मी शेवटपर्यंत तिच्या मरायची वाट बघत होतो. ती मेलीच नाही. चाळीच्या जिन्यावर बसून पेरू खात होती, आणि सिनेमा संपला.

बाहेर येऊन चहा घेताना निकिता म्हणाली, 'बाई लई भारी हाय. पण तिचं पोरगं! आईची लाज वाटते म्हने. त्याला दोन कानाखाली द्यायला पायजे हुत्या.' मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ती तुझ्या कामाचं विचारेल. ती म्हणाली, 'म्हंजे त्या जित्या हायेत?' मी होकाराची मान हलवली. 'आन तू त्यांना मारून मोकळा झालास?' एवढं बोलून ती रिक्षात बसून निघून गेली.

दोन दिवस निरोप नाही. लग्न मोडलं असंच मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी सुमनबाईंनी बोलावलं. मशीनवरून न उठताच म्हणाल्या, 'पुन्हा खोटं बोललास तर भर मांडवातून हाकलीन. आईला बोलव. वरमाईचे पाय मी धुनार, भावबंदाला काय बोलायचं ते बोलू दे.' मग टेप गळ्यात अडकवून त्यांनी विचारलं, 'मानाची साडी घ्यायची हाय. कंचा रंग आवडतो त्यांना?' माझ्या तोंडात 'लाल' आलं होतं. पण लाल तर सिनेमातली बाई नेसते. तू बाजाराला काय नेसून यायचीस ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. मला सुकट आठवली, कोंबडी आठवली, साडी आठवली नाही. 'मला ठाऊक नाही,' असं मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मग इचारून ये. तवर मी दुकानात जात न्हाई.' म्हणून हे पत्र. तुला कोणता रंग आवडतो, आई?

तुझाच,
करण