सणाला आलेली

सोमवार

आले एकदाची! उतरले तर गावभर रंगीत कागदांच्या माळा. नोकरी सोडली तेव्हाच ठरवलं होतं, आता खुशाल भटकायचं आणि लोकांचे सणवार बघायचे. घरमालकीण मावशी एकटीच असते, पण फार गोड. चहा ओतता ओतता म्हणाली, माझी तरणीताठी मुलगी नदीत गेली. इथला सण अशा गेलेल्यांचाच. त्यांच्या घरी पाहुणा ठेवतात, गेलेल्याच्या नावाने त्याचे लाड करतात आणि शेवटी वाजतगाजत नदीपर्यंत पोचवतात. माझी पाहुणी होशील का, विचारलं. मी हसून हो म्हटलं. लाड कुणाला नकोत?

मंगळवार

मावशीने मुलीचा निळा ड्रेस दिला. अगदी मापाने शिवल्यासारखा बसला. दुपारी मिरवणुकीत जो तो गालावरून हात फिरवत होता, "आलीस का गं?" समोरची शिंपीण तर गळ्यात पडून रडली. मुलीची जिवलग मैत्रीण म्हणे. मलाही भरून आलं. फोटो काढायचे राहूनच गेले.

बुधवार

शिंपिणीला सहज विचारलं, गेल्या वर्षी पाहुणी कोण होती? कोण म्हणजे, ती म्हणाली, हीच की, मावशीची लेक. पोचवली ना नदीत. नदीपर्यंत, मी दुरुस्त केलं. तिने माझ्या ड्रेसची बाही नीट केली.

तशीच बॅग उचलून स्टँड गाठला. कंडक्टरने ड्रेसकडे पाहिलं आणि हात जोडले. ताई, तुम्हाला कसं नेऊ, तुम्ही सणाला आलेल्या. गाडी रिकामी गेली.

परतले तर मावशी दारात उभी. रागावली नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं.

गुरुवार

खोलीला बाहेरून कडी. खूप ओरडले. रस्त्यावर लोक माळा बांधत होते, वर बघून हात हलवत होते.

मावशी दाराला टेकून रडते. उद्या जायचंच आहे, तर आज भांडू नकोस म्हणते.

मग तिने मुलीच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली — का दिली?

शुक्रवार

वाद्यं कोपऱ्यावर आली.

घरी आईला फोन लावला. कुणीतरी बाई रडत होती. बाळा, कुठे आहेस, म्हणत होती. आवाज ओळखीचा नाही. राँग नंबर, म्हटलं. माझी आई तर खाली आहे, वेणी घालायला बोलावते, आणि सगळे दारात —