कमरेचा भोपळा

अंदमान, ९ डिसेंबर १९७४

बाबा,
तुमाले आन मायले लेकीचा जयभीम.

पत्र भेटलं. नर्सची नोकरी सोडून आसेगावले वापस ये, असं तुमी लिहिलं. मी येत नाही.

इथं मी जपूनच राह्यतो. पाणी उकळून पेतो, मच्छरदाणीत झोपतो. खाडीत मगर हाय, म्हणून तिथं पायही धूत नाही. मायचा खोकला कसा हाय?

लस टोचाले बाजूच्या बेटावर होडीनं जा लागते. तवा तुमी देलेला वाळला भोपळा मी कमरेले बांधतो. आमचे डॉक्टरसाहेब हासले. म्हणे, "काढा ते, गावंढळ दिसते." मी म्हटलं, "साहेब, होडी थांबली तरी चालन, भोपळा सुटनार नाही."

मंगळवारी होडी उलटली. घाबरू नका, किनारा जवळच होता. साहेबाले पोहता येत नव्हतं. ते माह्या भोपळ्याले असे चिपकले का रेतीवर आल्यावरही सोडेनात. भोपळा मात्र खडकावर फुटला. उद्याच्या मंगळवारी रिकामा डबा बांधून जातो.

गावानं विहिरीवर चढू देलं नाही, तवा तुमी गाव सोडलं का? आपली विहीर खोदली, आन पोहणं शिकवाले मले भोपळा बांधून तिच्यात ढकललं. मंग आता समुद्राले कायले भेता?

भोपळ्याच्या बिया पाठवा. साहेबानं एक भोपळा आतापासूनच सांगून ठेवला हाय. वेल चढून, फळ धरून, वाळाले सालभर लागते. तोवर मले बोलावू नका.

तुमच्यावरच गेलेली,
भागिरथा