दसऱ्याचं कुंकू आणि तुझी मेल

मखमलाबाद, नाशिक
वसुबारसेच्या आदल्या दिवशी, २००२

प्रिय प्रतिभा,

अनेक आशीर्वाद. हैदराबादला तू रोज उत्तराची वाट बघतेस आणि इकडून फोनवर एकच ऐकू येतं, इंटरनेट लागत नाही. एव्हाना तुला वाटलंही असेल की नाना मुद्दाम लावत नाहीत. तसं नाही गं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बूथवरून तुझा फोन आला, मोठी मेल पाठवलीय, तुम्ही दोघांनी मिळून वाचा आणि काय ते सांगा, मला फोनवर नाही बोलता येणार. त्या दिवसापासून या घरात दुसरा विषय नाही. बाकी सगळं छान आहे. दसऱ्याच्या झेंडूला गणेशवाडीच्या फूलबाजारात चांगला उठाव होता, दिवाळीचा तोडा उद्यापासून धरतोय. तुझ्या आईने चकलीची भाजणी एवढी दळून आणलीय की अख्ख्या गल्लीला पुरून उरेल.

तर झालं असं. दसऱ्याला आपण फवारणीचा पंप, विळे, खुरपी पाटावर मांडतो, तसा यंदा तुझा कॉम्प्युटरही मांडला. तू नोकरीला गेल्यावर पडून राहायला नको म्हणून मी त्याच्यावर बाजारभाव बघायला शिकलो, म्हणजे तोही हत्यारच झाला की! सगळ्या वायरी काढल्या, फडक्याने पुसून घेतलं, मोडेमचं ते दिव्यांचं डबडंसुद्धा पाटावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळं होतं तसं जोडलं. निदान मला तरी तसं वाटलं. कॉम्प्युटर सुरू झाला, मोडेमचे दिवे लागले, पण नेहमीची ती किर्र किर्र नाही. पडद्यावर इंग्रजी पाटी आली की डायल टोन नाही. टेलिफोन उचलून कानाला लावला तर टोन ठणठणीत! तुझी आई म्हणाली, "फोन बोलतोय अन् हे म्हणतंय टोन नाय. खोटारडं हाये लय." मला तेव्हा तिचंच पटलं.

नाक्यावर कॉम्प्युटरचा क्लास चालवणारे भिकन सर दोनदा येऊन गेले. माणूस भला, चहाशिवाय काही घेत नाही. त्यांनी नंबर पुन्हा भरला, नाव भरलं, मोडेमचं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. शेवटी म्हणाले, मोडेम गेलेला दिसतोय, दिवाळीनंतर नवा आणू. टेलिफोनवाला खांबावर चढून बघून गेला, त्याच्या मते लाइनमध्ये काही दोष नाही. तुझी आई मला रोज पंचवटीतल्या सायबर कॅफेत पिटाळायची. एकदा गेलो होतो. दारातून आत बघितलं. खुराड्याएवढ्या खोल्या, मागून कोणीही डोकावणार. माझ्या पोरीने मनातलं काही लिहिलंय, ते मी इथे उभं राहून वाचायचं? तसाच परत फिरलो.

आणि तुला खरं सांगू का, पहिले काही दिवस इंटरनेट लागत नव्हतं ते मला बरंच वाटत होतं. मेलमध्ये काय असेल याचा अंदाज आला होता. आम्ही दोघं काही कुक्कुली बाळं नाही. उन्हाळ्यात आलीस तेव्हा मेसमधल्या मैत्रिणींसाठी मनुका घेतल्यास आणि एक पुडा वेगळा बांधून घेतलास. आईने विचारलं हा कोणाचा, तर तू म्हणालीस, ऑफिसातल्या एकाला द्यायचाय, आणि लगेच तुळशीला पाणी घालायला पळालीस. सकाळी घातलेलं असूनसुद्धा! रात्री तुझी आई मला एवढंच म्हणाली, "पुडा बघितला का, कसा निगुतीनं बांधला पोरीनं?" मी झोपेचं सोंग घेतलं. निफाडच्या पाहुण्यांचं बोलणं तेव्हापासून चालू होतं. मुलगा चांगला, घरची द्राक्षबाग, माणसं समजूतदार, दिवाळीनंतर बघायला यायचं ठरत होतं. मेल उघडली की यातलं काहीतरी मोडणार, तुझं मन नाही तर माझा शब्द. ती उघडत नव्हती तोवर सगळं जिथल्या तिथे होतं.

पण मागच्या रविवारचा तुझा फोन आला आणि माझं ते समाधान पार गेलं. तू मेलबद्दल चकार शब्द काढला नाहीस. आईला विचारलंस, नाना जेवतात ना नीट? त्यांचा आवाज असा का येतोय? अगं, तुझा जीव तिकडे टांगणीला लागलेला आणि तू माझ्या जेवणाची चौकशी करतेस! मला फार वाईट वाटलं. ही पोर माझं उत्तर विचारायलाही भितेय, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

म्हणून काल दुपारी जेवण झाल्यावर मी ठिबकवाल्या पद्धतीने बसलो. मळ्यात ठिबकचं पाणी अडलं की मी विहिरीपासून निघतो आणि पाइपाला हात लावत लावत शेवटच्या झाडापर्यंत जातो. तसंच भिंतीतल्या टेलिफोनच्या डबीपासून निघालो. वायर धरून सरकत सरकत मोडेमच्या पाठीमागे आलो. तिथे वायरी खोचायची दोन सारखीच भोकं, आणि त्यांच्या वरच्या अक्षरांवर हळदकुंकवाचे ठसठशीत टिळे! तुझ्या आईचं शास्त्र तुला माहीत आहे. हत्यार जिथून काम करतं तिथेच कुंकू लागलं पाहिजे, विळ्याला पात्यावर, पंपाला नोझलवर. मोडेमचं तोंड म्हणजे जिथे वायर जाते ते, म्हणून तिने तिथे लावलं. आणि दसऱ्याचं कुंकू आपल्याकडे पुसत नाहीत, ते आपोआप जाईल तेव्हा जाईल. भिकन सरांनीसुद्धा ते पाहून आधी हात जोडले होते.

मी तिला हाक मारली. म्हटलं, खाली काय लिहिलंय ते वाचायला हवं, काय करू? तिने पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं. एवढ्या वर्षांत मी तिला असं करताना पाहिलं नव्हतं. एका भोकावर लाइन लिहिलेलं, दुसऱ्यावर फोन. भिंतीतून येणारी आणि टेलिफोनकडे जाणारी, मी दोन्ही वायरी उलट खोचल्या होत्या. म्हणून टेलिफोन चालायचा आणि मोडेम मुका. वायरी बदलल्या, बटण दाबलं, आणि अशी किर्र किर्र सुरू झाली की तुझ्या आईने देवाला साखर ठेवली.

तुझी मेल आली आहे. सगळ्यात वर तुझं नाव आणि पुढे इंग्रजी अक्षरांत 'नाना आणि आई, दोघांनी वाचा.' तुझी आई म्हणाली, "उघडा की आता." मी उघडली नाही, लाइन बंद केली. बाहेर ओट्यावर आम्ही बराच वेळ बोललो. मग मी निफाडला फोन लावून पाहुण्यांना सांगितलं, मुलीचं मन दुसरीकडे आहे असं वाटतं, तुम्ही थांबू नका. ती माणसंही चांगली, उलट मोकळेपणाने सांगितलं म्हणून बरं म्हणाली.

आणि आता हे पत्र. मेल वाचून मी हो म्हणालो असतो तर तुला जन्मभर वाटलं असतं की नानांनी नाव, गाव, जात, पगार बघितला आणि मग होकार दिला. मला तसा द्यायचा नाही. तो कोण, कुठला, कोणाचा, मला या घडीला काहीएक माहीत नाही, आणि माझा होकार आहे. तुझ्या आईचाही आहे. तो तुला आहे, बाळा, त्याला नाही. फोनवर सांगितलं असतं, पण बूथवर तुझ्यामागे माणसं उभी असतात आणि माझा आवाज मला आवरला नसता. दिवाळीला तुला सुट्टी नाही, तर तुळशीच्या लग्नाला ये आणि त्याला घेऊन ये. हे पत्र आत्ता कुरिअरवाल्याकडे देऊन येतो. तुझी आई कॉम्प्युटरसमोर खुर्ची मांडून बसलीय. मी परत आलो की आम्ही दोघं तुझी मेल उघडू.

तुझाच,
नाना