मीनूच्या लेन्स

५ ऑक्टो., रवि.
मीनूला लेन्स मिळाल्या. मला नाही. ती तेराची, मी सतराची, दोघींचा नंबर सारखा, आणि मान धाकटीचा! डॉक्टर म्हणाल्या, वयाचं काही नाही, हात स्वच्छ धुणारं, सांगितलेलं ऐकणारं मूल हवं. बास्केटबॉलला तर चष्म्यापेक्षा बऱ्या, कडेचंही नीट दिसतं. रोज नवी जोडी, झोपताना काढून टाकायची. माझी म्हणे आधी डोळ्यांची ॲलर्जी आटोक्यात येऊ दे, मग बघू. बसा खाजवत.

११ ऑक्टो., शनि.
मॅच जिंकून आल्या बाईसाहेब. अण्णा बोम्मसंद्राच्या कंपनीतून हाफ डे टाकून बघायला गेले. माझेही वडीलच ना, माझ्यासाठी कधी टाकला? शेजारच्या आंटी म्हणाल्या, चष्मा गेला आणि पोरगी केवढी गोड दिसायला लागली. मी तिथेच चष्मा लावून उभी. सरी, आंटी, बरोबर आहे तुमचं.
जळतेय मी. लिहून टाकलं. लेन्सबद्दल मिळेल ते सगळं वाचलंय. घालून झोपायचं नाही, पाणी लागू द्यायचं नाही. मीनूपेक्षा जास्त मलाच माहीत. उपयोग शून्य.

२० ऑक्टो., सोम. नरक चतुर्दशी
पहाटे अभ्यंगाला मीनू पाटावर. चष्मा नाही, तरी समोरच्या कॅलेंडरवरचं बारीक अक्षर वाचून दाखवतेय. म्हणजे लेन्स घालूनच बसली, ओवाळतानाच्या फोटोंसाठी. आईच्या ध्यानातच नाही. तिने तेल थापलं, उटणं चोळलं, मग बोअरचं कढत पाणी तांब्या तांब्याने डोक्यावरून. मी दारातच होते. सांगणारच होते, तेवढ्यात आई म्हणाली, "माझी राणी बघ कशी दिसतेय."
मग नाही सांगितलं.

२१ ऑक्टो., मंगळ.
मीनूचा डावा डोळा लालभडक. उजेड सोसत नाही. सणाचे दिवस, तरी डॉक्टर भेटल्या, नशीब. बुबुळावर जखम आहे. वेळेत आणलंत म्हणाल्या, पण डाग राहून नजर अधू होईल का ते परवा बघून सांगणार. दोष लेन्सचा नाही, पाण्याचा. लेन्स घालून आंघोळ करायचीच नसते.
आई सारखी म्हणतेय, मीच ओतलं गं पाणी. मी शेजारी बसून ऐकतेय. एवढं नको होतं मला. फोटोत जरा वाईट दिसावी, तेवढंच...

२२ ऑक्टो., बुध. पाडवा
उद्या तपासणी. मीनू पडदे ओढून पडलेली. थेंब घालायला गेले तर म्हणाली, "अक्का, उरलेल्या लेन्स तू घाल. नंबर सारखाच आहे. आई आता मला त्या घालू देणार नाही."
म्हटलं, दुसऱ्याच्या घालायच्या नसतात, डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय तर नाहीच.
"तुला सगळं माहीत असतं," ती म्हणाली.
सहज म्हणाली असेल. थेंब घालून बाहेर आले, आईसमोर जाऊन उभी राहिले. काय गं, म्हणाली. म्हटलं, काही नाही.