वास येतोय तोवर

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची! दोन बॅगा, गादीची वळकटी आणि वाटेत कलंडून निम्मी माती माझ्या मांडीवर सांडलेली कुंडी, एवढ्या लवाजम्यासह ताईच्या दारात उतरले. भावोजींनी बॅगा उचलता उचलता विचारलं की यात कपडे आहेत की विटा. ताईनं माझा अवतार बघून कपाळाला हात लावला आणि मग मातीसकट मिठीच मारली.

त्यांनी हे घर घेतल्यापासून मी पहिल्यांदाच बघतेय. बैठं घर, एका ओळीत तीन खोल्या आणि मागे चौथी, लहानशी. ती आता माझी. सगळ्या भिंतींना सायीच्या रंगाचा ताजा हात मारलेला. आधीच्या मालकानं जाताना रंगवून दिलं म्हणे, एवढा भला माणूस. माझी भाची आम्हा सगळ्यांची चिमणी. चार वर्षांची झाली तरी उचलून घ्यायला लावते. आल्यापासून माझ्या कडेवरून उतरलेली नाही. थोडी खोकत होती. हवा बदलली की होतं असं, ताई म्हणाली.

उद्यापासून पावाच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर. ताई मला लहानपणापासून ‘नाकाडी’ म्हणते, त्या नाकाचं आता कुणीतरी पगार देऊन चीज करणार! कोणत्या पावाला बुरशी धरणार ते मला डाग दिसायच्या आधीच वासावरून कळतं.

गुरुवार, ७ तारीख

काम झकास आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई कडक, पण शिकवतात मनापासून. काचेच्या चपट्या तबकड्यांत खळीसारखा थर ओतलेला असतो. तबकडी तासभर उघडी ठेवायची, झाकायची आणि उबेच्या कपाटात सरकवायची. हवेत जे काही तरंगत असेल ते त्यावर उगवून येतं. डोळ्यांना न दिसणारी बाग!

घरी मात्र एक खटकतंय. कारखान्यातून आले की दारातच वास येतो. कुबट, ओल्या गोणपाटासारखा, आणि त्याच्या मागे काहीतरी गोडसर. आज माझं कपाट पुढे ओढलं, तर मागे रंगाला फोड आलेले. नखानं एक पापुद्रा काढला. खाली करड्या मखमलीसारखी बुरशी, बोट टेकवलं तर गार. त्या भल्या माणसानं सगळं रंगाखाली दडपलं होतं.

भावोजींना बोलावलं. ते वाकून वाकून हुंगत राहिले आणि म्हणाले, मला तर काहीच येत नाही गं. ताईलाही येत नाही.

सोमवार, ११ तारीख

रविवार सगळा घासण्यात गेला. नाकातोंडाला कापड बांधून पोपडे खरवडले, ब्लीचच्या पाण्यानं भिंत पुसली, पंखा लावून वाळवली. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ठेवलं. आज संध्याकाळी आले तर कपाट पुन्हा भिंतीला टेकलेलं. भावोजी म्हणाले, तसंच बरं दिसतं.

वास गेलेला नाही. चिमणीच्या खोलीत तर जास्तच आहे आणि तिथे भिंतीवर साधा डागसुद्धा नाही. तिचा खोकला मात्र थांबलाय. ताई खूश आहे.

बाईंना विचारून तबकड्या घरी आणल्या. प्रत्येक खोलीत एक, आणि तुलनेला एक बाहेर कुंपणाच्या भिंतीवर. बाहेरच्या हवेत काय आहे ते कळल्याशिवाय घरातल्या हवेला नावं ठेवण्यात अर्थ नाही, असं बाईंचं म्हणणं. चिमणीनं विचारलं की ताटल्यांत जेवण का नाही. म्हटलं, पाहुणे येऊन बसले की कळेल.

शुक्रवार, १५ तारीख

उबेचं कपाट उघडल्यावर बाई एकदम मागे सरल्या.

बाहेरच्या तबकडीवर हिरवे, काळे, पांढरे चार ठिपके. कुठल्याही हवेत असतात तसे. घरातल्या सगळ्या तबकड्यांवर मात्र एकच जात. करडी, दाट, काठापर्यंत. दुसऱ्या कशालाच तिनं जागा ठेवलेली नाही. चिमणीच्या खोलीतल्या तबकडीचं झाकण आतून उचललं गेलं होतं. बाईंनी ते सगळं पिशव्यांत बांधून जाळायला पाठवलं. मग त्यांनी मला एवढंच विचारलं की त्या खोलीत झोपतं कोण.

धावत घरी आले. ताई फाटकाशी कपडे वाळत घालत होती. फोनमधले फोटो दाखवले तर पांढरीफटक पडली. म्हणाली, आत्ताच्या आत्ता निघू, कुठेही राहू, मी पर्स आणि चिमणीचे कपडे घेऊन येते. मी फाटकाशी वाट बघत उभी. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, हातात माझ्यासाठी चहाचा कप. बाहेर का उभी आहेस म्हणाली. मी फोटो पुन्हा पुढे केले. तिनं पाहिले. मग हसून म्हणाली, एवढंच ना, होतं गं जुन्या घरात.

ती खोटं बोलत नव्हती. मी तिला ओळखते. तिला खरंच काही वाटत नव्हतं.

रविवार, १७ तारीख

बुरशी तपासणारा माणूस आणला. जाडजूड, घामाघूम, बोलका. उंबऱ्यातच थबकला आणि नाक धरून म्हणाला, अहो, इथे माणसं राहतात? मला रडूच आलं. दुसऱ्या कुणालातरी वास आला!

त्यानं ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावलं. काटा टोकाला. नळाची भिंत नाही, बाहेर पाऊस नाही, छत कोरडं. ही ओल येते कुठून, त्याला कळेना. चिकटपट्टीवर नमुने घेतले. चिमणीच्या खोलीत पलंगामागच्या भिंतीला छोटी चौकट कापली आणि आत बॅटरी मारली.

मी बघितलं. विटा नव्हत्याच म्हणायच्या. होतं ते सगळं करडं, मऊ, आणि अगदी हळू वर-खाली होत होतं. झोपलेल्याच्या पोटासारखं.

मी किंचाळले. त्यानं मात्र बॅटरी विझवली, पलंगावर बसला आणि ताईकडे चहा मागितला. तास-दोन तास बसून राहिला. चिमणीला गोष्ट सांगितली. जाताना म्हणाला, घर छान आहे, काळजी करू नका. यंत्र, बॅटरी, पिशवी, सगळं इथेच टाकून गेला.

भावोजींनी ती चौकट परत बसवली. कडा एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतायत.

सोमवार, १८ तारीख

कारखान्यात त्याचा फोन आला. आवाज ओळखूच येईना. म्हणाला, तुमच्या घरातून मी बाहेर कसा आलो ते मला आठवत नाही. सकाळी जाग आली ती परत तिकडे जायच्या ओढीनं. म्हणाला, अहो, आत जाऊ नका, आणि पोरीला बाहेर काढा. जोपर्यंत वास येतोय तोपर्यंत तुम्ही तुमच्या ताब्यात आहात.

मग माझ्या लक्षात आलं. सकाळी उठते तेव्हा मला वास येत नसतो. सकाळी कामावर जावंसंही वाटत नाही. दिवसभर बाहेर राहून आले की येतो. म्हणजे मी रोज थोडी थोडी—

आज घरात झोपायची नाही. बाई त्यांच्याकडे ये म्हणाल्यात.

मंगळवार, १९ तारीख

कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर बसून लिहितेय.

बागेत नेते सांगून चिमणीला बाहेर काढलं. ताईनं हसत निरोप दिला, पण उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. कोपऱ्यापर्यंत आलो आणि चिमणीचा श्वास अडकला. खोकला नाही, काही नाही. नुसता आ वासलेला आणि आत हवाच जाईना. ओठ निळे पडले. माझ्या गळ्याला नखं रुतवून घराकडे हात करत होती. दवाखाना लांब. मी काय करायला हवं होतं? मी पळत परत गेले. उंबऱ्यात पाय ठेवताच तिनं खोल श्वास घेतला आणि हसली.

तिच्या तोंडाला तोच वास. गोडसर.

मी तिला तिथे ठेवून आले. स्वतःच्या हातानं आत ठेवून आले.

बुधवार, २० तारीख

रुग्णवाहिका बोलावली. प्राणवायूची नळी, सगळं घेऊन दोघं आत गेले. हसत बाहेर आले. मूल ठणठणीत आहे म्हणाले. मी त्यांच्या गाडीला आडवी झाले, ओरडले. त्यांनी मलाच पाणी दिलं, झोप घ्या म्हणाले.

भावोजी कामावर जात नाहीत. दारं-खिडक्या बंद. खिडकीच्या काचेला आतून करडी साय धरलीय. त्यातून ताई मला हात करते. ये म्हणून.

आईचा फोन. ताई फोन उचलत नाही म्हणून जीव टांगणीला लागलाय तिचा. मी येऊ का, विचारत होती. मी तिच्यावर खेकसले. इकडे पाऊलही टाकायचं नाही म्हटलं. ती रडली. मीही.

गुरुवार, २१ तारीख, सकाळ

तपासणीवाला तयार झालाय. तो गाडी घेऊन फाटकाशी थांबणार. मागच्या सीटवर प्राणवायूचं नळकांडं आणि चिमणीच्या मापाचा मास्क. तो आत येणार नाही, काही झालं तरी. मी बाहेर यायला उशीर केला तर हॉर्न वाजवत राहणार, म्हणजे मला भान राहील.

बाईंनी कारखान्यातला जाड मास्क दिला. त्यावर ओलं कापड बांधणार. वही खिशात. आत गेल्यावर अधूनमधून लिहायचं, डोकं ठिकाणावर आहे की नाही ते बघायला.

आधी चिमणी. मग ताई. ताईला फरफटत आणावं लागलं तरी.

गुरुवार, आत

वास येतोय. मास्कमधूनही. उलटी होईल असा. चांगलं आहे. चांगलं आहे.

भावोजी भिंतीला पाठ टेकून बसलेत. हाक मारली, हसले. उठवायला गेले तर पाठ सुटेना. शर्ट कुठे संपतो आणि भिंत कुठे—

बघायचं नाही. चिमणी.

गुरुवार

चिमणीच्या खोलीत. ती पलंगावर. केसांत करडं काहीतरी. उचललं तिला. हलकी झालीय, किती हलकी. आतून पोकळ असावी तशी.

ताई दारात उभी. अडवत नाही. नुसती म्हणते, नाकाडे, किती घाबरली आहेस, बस की जरा. आवाज तिचाच आहे. लहानपणी ताप आला की याच आवाजात—

हॉर्न वाजला. वास येतोय. येतोय अजून.

चिमणी मास्क ओढतेय. गंमत म्हणून. बंद सुटला. हात धर तिचे, हात—

गुरुवार

मास्क सापडत नाही. श्वास रोखून धरला होता. किती वेळ धरणार.

वास आहे. थोडा आहे. गोणपाटाचा नाही आता, नुसता गोड. उठायचंय. चिमणी मांडीवर आहे, ती झोपली की उठते. ताईनं पाठीवरून हात फिरवला. गार आहे तिचा हात, बरं वाटतं.

उठायचंय. कशाला ते—

गुरुवार

वास नाहीच आहे कसला. इतके दिवस उगाच सगळ्यांच्या जिवाला घोर लावला मी. ताई हसली माझ्यावर. भावोजीही तिकडून हसले.

बाहेर कुणीतरी कधीचं हॉर्न वाजवतंय. चिमणी उठेल म्हणून खिडकी घट्ट लावून घेतली.

आईशी काल उगाच तोडून बोलले. किती रडली बिचारी. आत्ता फोन केला, सगळे छान आहोत, लगेच निघ म्हटलं. तीही खूश झाली. दुपारच्याच गाडीनं निघतेय. मागची खोली तिला देऊ. गादी घालून ठेवलीय, भिंतीच्या बाजूला, म्हणजे पाठ टेकायला