मामीचा शब्द

लातूर
२२ सप्टेंबर १९९४

ती. उज्वलाताईस,
धाकट्या सुदर्शनचा सा. न. वि. वि.

ताई, करायला नको व्हतं असं एक काम करून बसलोय. आधी हसून घे, शिव्या मागून दे. आन् हे पत्र भाऊजींच्या हाती लागू देऊ नको.

सोमवारी साखरामामीचं वर्षश्राद्ध झालं. भूकंपात गाव पडलं, मामी गेली, मामांनी चार महिने पत्र्याच्या शेडात काढले, तवापासून लातुरात माझ्याच खोलीवर हायेत. मला बारावीच्या क्लासला पिटाळायचं, माझ्यासाठी भात शिजवायचा आन् सांजच्याला भिंतीकडं बघत बसायचं, येवढंच त्यांचं काम. मामीला समद्यांच्या संगट एकाच चितेवर जाळलं, अस्थी काय मिळाल्या न्हाईत. तेच त्यांना लागून राहिलंय.

जेवणं उरकली. मला क्लासचा आलता कंटाळा, समुद्र तर जन्मात पाहिला न्हाई. आईची शाल डोक्यावर वढली आन् घुमाया लागलो, अंगात मामी आली म्हनून. मामीचा ठसका, ते नाकात बोलणं मला हुबेहूब जमतंय, तुला ठावं हाय. ती जिती असताना तिच्याच म्होरं करायचो, ती पदरात तोंड घालून हसायची. म्हणलं, "शेषेराव, माझ्या तोंडातली माती जाईना. जमीन जिथं संपती तिथं न्या मला. धनुष्कोडीला." नाव क्लासातल्या नकाशात पाहिलेलं. रामेश्वराच्या बेटाचं पार टोक हाय ते. मागायचंच तर जवळचं कशाला मागावं?

आई तर रडून पडली. हसू दाबून माझं पोट दुखाया लागलं, तेवढ्यात मामा उठले आन् माझ्या पायावर डोकं ठेवलं. पाय वढून घ्यावं तर सोंग उघडं पडतंय. तसाच बसलो. आता संक्रांत झाली की उदगीरच्या वीरण्णाची जीप ठरलीय. पडक्या घराची माती मामांनी गठुड्यात बांधून ठेवलीय, समुद्रात सोडाया.

लोभ हाय तेवढा राहू दे, सरला असंल तर शेजारणीकडून उसना आण.
तुझा सुदर्शन


हदगाव
६ जानेवारी १९९५

चि. सुदर्शन यास उज्वलाताईचे अनेक आशीर्वाद.

कापूस घरात आला होता, म्हणून उत्तराला उशीर. तुला जोड्यानं मारायला पाहिजे. मामीनं तुझा शेंबूड पुसला आन् तू तिचंच सोंग काढलंस? हसले मात्र, खोटं कशाला बोलू.

आई येऊन गेली. मामी खरंच आली होती असंच ती अजून धरून हाय, मी काही बोलले नाही. पण ती दुसरी बातमी घेऊन आली. मामा लगीन करतायत म्हणे. निलंग्याकडची गुरम्मा. तिचाही नवरा भूकंपात गेला. पत्र्याच्या शेडात शेजारी होती, मामाला भाकरी द्यायची. आईचं माहेर म्हणजे मामीच होती, आता ह्या बाईच्या हातचं पाणी प्यायचं का म्हणून आई रडून बेजार. आन् बाबा, मामाला लेकरू नाही, शेत तुझंच असं सगळे धरून चाललेत. हिला एक पोर झालं की तू बस क्लासच्या नोट्स चाटत.

सोंग काढलंसच, तर कामाला तरी आण. समुद्रावर मामीला एकदाच बोलव. माझ्या जागी कुणी नको, एवढंच म्हणायचं. मामीचा शब्द मामा मोडणार नाहीत. फार नाटक करू नको, तुला सवय हाय.

पत्र फाडून टाक. स्वेटर घेऊन जा. माया कमी करू नको, अक्कल तेवढी वाढव.
तुझी ताई


रामेश्वर
२१ जानेवारी १९९५

चि. सौ. उज्वलास शेषेरावमामाचा आशीर्वाद.

आम्ही खुशाल. पोरानं समुद्र पाहिला. आधी भ्यालं, मग कपड्यासकट शिरलं. जीप वाळूत रुतली व्हती, ढकलून काढली. माती सोडली. तुझी मामी बोलली. तिच्या मर्जीपरमाणं गुरम्माला इथूनच कार्ड टाकलं, वाट बघू नका म्हनून. पोराचा घसा बसलाय. तुझ्या आईला म्हणावं, आता रडू नको. आठवण ठेवत जा.


लातूर
९ फेब्रुवारी १९९५

ती. ताईस सुदर्शनचा नमस्कार.

यष्टीच्या ड्रायव्हरसंगट धाडलेले पेढे पोचले. तसेच हायेत. मुंग्या खाऊन राहिल्यात.

धनुष्कोडी म्हणजे वाळूची जीभ हाय, दोन्हीकडं पाणी. तिथं बी एक गाव व्हतं, तुफानात एका रात्रीत गेलं. भिंती उभ्या, छप्पर न्हाई. वीरण्णा जीपपाशी बिडी वढत बसला. मामा त्या भिंतींवरून हात फिरवत चालले. एका उंबऱ्यापाशी थांबले आन् चपला काढल्या, आपल्याच घरी आल्यावानी. टोकाला माती सोडली. मग मलाच म्हणले, बस, येती का बघ. मी टावेल डोक्यावर घेतला, ठसकलो, तू सांगितलेलं म्हणलो.

मामांनी माझ्या डोक्यावरला टावेल काढला, त्यानंच माझा घाम पुसला. म्हणले, "साखरानं उभ्या जन्मात माझं नाव घेतलं न्हाई रे. तू श्राद्धाला घेतलंस."

ताई, त्यांना पहिल्या दिवसापासून ठावं व्हतं. मी इचारलं, मग आलाव कशाला. म्हणले, तुला समुद्र बघायचा व्हता. आन् तिच्यावानी बोलणारं तुझंच एक तोंड आता जगात ऱ्हायलंय. गुरम्माला आणायच्या आधी त्या तोंडाला इचारावं वाटलं. खोट्यानं का व्हईना, हो म्हणलं असतं तर तेवढ्यावर माझं भागलं असतं.

मी पाया पडलो. तुझं नाव घेतलं न्हाई. परत टावेल वढला आन् म्हणलो, आणा तिला, माझी काय हरकत न्हाई. ठसका बी झकास जमला. मामा हसले. "साखरा एकदा बोलली की फिरवत नव्हती."

परवा गुरम्मा आली व्हती, फडक्यात भाकरी बांधून. कार्ड वाचून घेतलं व्हतं, तरी मामांच्या तोंडून ऐकायचं म्हणली. मामा आतच बसून ऱ्हायले. मला न्हाई सांगवत, तूच सांग म्हणले, मामीच्या आवाजात. आन् आई इसरून गेलेली शाल हातात दिली. मी सांगितलं ताई. गुरम्मानं डोळे मिटले, मला हात जोडले. "तप्पायितु अक्का," म्हणली. चुकलं म्हणती. भाकरी उंबऱ्यावर ठेवून गेली.

आता मामा भिंतीकडं बघत न्हाईत. सांज झाली की शाल माझ्या हाती देत्यात. मामीनं जेवा म्हणल्याबिगर घास उचलत न्हाईत. मार्चात परीक्षा हाय. नापास झालास तरी काळजी करू नको म्हणत्यात, पुढल्या साली बी क्लास लावू, इथंच ऱ्हा.

लोभ बिभ ऱ्हाऊ दे, येवढं एक कर. तुझ्या पाया पडतो ताई, कुणाला सांगू नको. आईला तर नकोच नको. ती मामीशी बोलाया येऊन बसंल.

सुदर्शन